मूठ शिंगाचीच

नाना, तुम्ही गेलात त्या सकाळी काकूंनी सगळ्यांना बाजूला सारलं आणि मला हाक मारली. "दत्ता, यांची दाढी कर. वाढल्या दाढीनं कधी उंबऱ्याभाईर पडलं न्हाईत." मी दुकानाकडं धावलो. शटर अर्धंच वर केलं, वाकून आत शिरलो आणि ड्रॉवर उघडला. एका बाजूला रोजचा वस्तरा, ज्यात अर्धं ब्लेड घालून आपण गिऱ्हाईकं करतो तो. दुसऱ्या बाजूला फडक्यात गुंडाळलेलं माझं पातं. माझ्या आयुष्यातला पहिला खरा वस्तरा होणार होतं ते. पण त्याला मूठ नव्हती. चार महिने नव्हती, आणि ती का नव्हती हे मला एकट्याला ठाऊक होतं. निदान तेव्हा तरी मला तसं वाटत होतं. मी ब्लेडचा उचलला आणि परत आलो.

तुमच्या हाताखाली शिकलो त्या सहा वर्षांत मी तुमच्या गालाला कधी हात लावला नव्हता. तुमच्या घरचा रिवाजच तसा. शिकणाऱ्यानं स्वतःचा वस्तरा घेतला की त्याची पहिली दाढी शिकवणाऱ्याची. तुम्ही तुमच्या वडिलांची केली होती, त्यांनी त्यांच्या काकांची. "ज्यानं शिकवलं त्यानं पयला आपला गळा द्यायचा," तुम्ही म्हणायचा. "त्योच भ्याला तर गिऱ्हाईकानं काय म्हणून मान टाकायची तुझ्याम्होरं?"

आणि मी तुमची पहिली दाढी केली ती तुम्ही गेल्यावर, अर्ध्या ब्लेडनं. जिवंत माणूस दाढी करून घेताना आपल्याला मदत करत असतो, हे मला त्या दिवशी कळलं. वरच्या ओठाला आलो की तो ओठ आत ओढतो, बोट न लावता मान वळवतो. तुम्ही काहीच केलं नाही. तिथं मला रडू फुटलं. काकूंनी पाठीवर हात ठेवला आणि म्हणाल्या, "सावकाश कर. आता घाई कुनाला हाय?"

दीड महिना झाला. लोक येतात, खुर्चीत बसतात, तुमच्याबद्दल चांगलं बोलतात. मी मान डोलावतो. पण मला तुमचे गुण गायचे नाहीत, नाना. मला तुमच्याशी भांडण पुरं करायचंय.

मुळात वस्तरा हवा कशाला, हा माझाच पहिला प्रश्न होता, आठवतंय? गिऱ्हाईकाला आता कुणी खरा वस्तरा लावत नाही. तुम्हीच कित्येक वर्षांपूर्वी बंद केला होता. "एकाचं रगात दुसऱ्याला नगं," म्हणून माणसागणिक नवं ब्लेड, आणि वापरलेलं ब्लेड त्याच्या डोळ्यांदेखत डब्यात. पण सोमवारी, दुकान बंद असताना, तुम्ही मागचं दार उघडून आत यायचा, खुंटीवरचा चामड्याचा पट्टा ताणायचा आणि तुमचा जुना वस्तरा त्यावर वीस-पंचवीस वेळा ओढायचा. मग आरशासमोर उभं राहून स्वतःची दाढी करायचा. मी झाडायच्या निमित्तानं यायचो. तेवढा वेळ तुम्ही गप्प असायचा, आणि तुम्ही गप्प असणं हीच एक बघण्यासारखी गोष्ट होती.

"ब्लेडनं चूक झाकती," तुम्ही एकदा म्हणालात. "हात तिरका पडला तरी त्ये कापतंय. वस्तरा न्हाय कापत. उलटा वरबाडतोय. मग कळतंय हात कुठं खोटा हाय त्ये." त्यानंतर मी तुमच्या मागंच लागलो. दोन वर्षं तुम्ही टाळलंत. "आधी हात गप बसू दे." मग एका सोमवारी स्वतःच म्हणालात, "चल, रशीदभाईकडं जाऊन येऊ."

रशीदभाई शिकलगारांचं दुकान गंगावेशीजवळच्या बोळात. विळ्या, कात्र्या, अडकित्ते, सगळ्यांना धार. त्यांच्या वडिलांनी तुमच्या वडिलांचे वस्तरे परजले होते, त्यामुळं तुम्हाला तिथं खुर्ची मिळायची आणि मला पायरी. त्यांनी एका ताटात सहा-सात जुने वस्तरे मांडले. माझा हात थेट पितळी मुठीच्या चकचकीत वस्तऱ्यावर गेला. तुम्ही हसलात. "त्यो वरातीचा घोडा हाय. मिरवायला बरा. रोज बसनार हाईस व्हय त्याच्यावर?" मग तो माझ्या बोटावर आडवा ठेवून दाखवलात. मूठ इतकी जड की पातं वर उचललं गेलं. "हातात मूठच जानवाय लागली तर धारेकडं ध्यान कधी जायाचं?"

मग माझी शाळा सुरू झाली. गंज कुठं आहे ते बघ. पाठीवर असला तर चालेल, धारेला नको. टोक गोल आहे की चौकोनी? चौकोनी टोक कानाजवळ रुततं, पहिला वस्तरा गोल टोकाचाच घ्यावा. पातं कागदासारखं पातळ नको, आडदांडही नको. काचेवर आडवं ठेव, धार दोन्ही टोकांना टेकते का बघ. नाही टेकली तर पातं पिळलेलं आहे, फुकट दिलं तरी घेऊ नको. नखानं टिचकी मार आणि आवाज खणखणीत येतो का ऐक. मी एकेक करत गेलो. शेवटी ताटात एकच उरलं. एक बोट रुंद, गोल टोक, पाठीवर दोन काळे डाग, आणि मूठ तुटून गेलेली. नुसतं पातं.

"ह्ये," मी म्हणालो.

तुम्ही रशीदभाईंकडं बघितलंत, रशीदभाईंनी तुमच्याकडं. आपण बरोबर निवडलं हे मला त्यावरून कळलं.

"आता मूठ," रशीदभाई म्हणाले. "कशाची करू?"

"शिंगाची," तुम्ही म्हणालात.

"लाकडाची," मी म्हणालो. तिथून आपलं भांडण लागलं.

चार महिने आपण भांडलो, नाना. मी शिसवाचा तुकडा आणला, तुम्ही तो रात्रभर पाण्यात टाकलात आणि सकाळी फुगलेला माझ्या हातात दिलात. मी म्हटलं, मग तेल पाजू. तुम्ही म्हणालात, पाज, आणि फेसाच्या हातानं धरून बघ. मी हाडाचं नाव काढलं. तुम्ही म्हणालात, ओलं झालं की माशागत सुटतंय. मी प्लास्टिकवर आलो. हलकं, स्वस्त, गरम पाण्यानं धुता येतं, कीड लागत नाही. ते तुम्हालाही खोडता आलं नाही. "धुवायला बरं हाय, त्ये खरं," एवढं कबूल केलंत. मग मी जोरात आलो. शिंग उन्हाळ्यात तडकतं, पावसाळ्यात वाकतं, त्याला किडे खातात. तुम्ही शांतपणे तुमचा वस्तरा माझ्या हातात ठेवलात. शिंगाची काळी मूठ, अंगठ्याच्या जागी झिजून खोलगट झालेली. "चाळीस वर्सं झाली. आठवड्याला तेलाचं एक बोट. दुसरं काय केलं न्हाय मी. ओल्या हातात धर आणि सांग, सुटतीय का?"

सुटत नव्हती. हातात धरल्याबरोबर मला कळलं होतं की शिंगच बरोबर आहे. तरी मी म्हणालो, "बघू."

कारण तुम्ही नुसतं शिंग म्हणाला नव्हता. तुम्ही म्हणाला होता, "तुझ्या चंद्रीचं शिंग घिऊन ये की."

चंद्री आमची म्हैस. तिच्याबद्दल मीच तुम्हाला हजारदा सांगितलं होतं. तलवारीसारखी लांब शिंगं, पार खांद्यांच्या मागं गेलेली. दिवाळीच्या पाडव्याला आबा ती शिंगं तासून, तेल लावून रंगवायचे आणि तिला गावातून पळवत न्यायचे. पुढं आबा, मागं चंद्री, त्यामागं सगळी पोरं. ती म्हातारी होऊन मेली तेव्हा पुरण्याआधी आबांनी तिची दोन्ही शिंगं कापून घेतली आणि गोठ्याच्या माळ्यावर ठेवली. शाहूवाडीच्या डोंगरातल्या आमच्या घरात त्या शिंगांना देवाखालोखाल मान आहे. ती मागायची म्हणजे कशासाठी, ते आबांना सांगावं लागणार होतं.

आणि आबांना मी सांगितलं होतं की मी कोल्हापुरात सेंटच्या दुकानात आहे.

तुमच्या तोंडावर हे कधी बोललो नाही, आज बोलतो. कॉलेज सुटलं, नोकरी मिळेना, तुमच्या दुकानात झाडू मारायला लागलो, मग फेस करायला, मग कात्री. हात बसला, आवडायला लागलं. पण घरी काय सांगू? आमच्यात शेती, म्हशी, फार तर पोलिसात भरती. वस्तरा धरणं हे आपल्या घराचं काम नव्हे, असं आमच्या गावात अजून मानतात. सुट्टीत घरी गेलो की माझ्या कपड्यांना पावडरीचा आणि क्रीमचा वास यायचा. आई म्हणाली, "कसला रं वास?" तोंडातून निघून गेलं, सेंटच्या दुकानात हाय. आबांना ते भारी वाटलं. पावण्यारावळ्यांत सांगायला लागले. मामाच्या पोरीच्या लग्नात तर त्यांनी माझ्याकडून चार बाटल्या मागवल्या, आणि त्या मी महाद्वार रोडवर विकत घेऊन गेलो. खोटं एकदा बोललं की त्याला पोसावं लागतं, म्हशीपेक्षा जास्त खातं ते.

तुमच्या कामाची मला लाज वाटत होती, नाना, आणि त्याच कामाची भाकरी मी तुमच्या शेजारी बसून खात होतो. काकू डब्यात माझ्यासाठी दोन जास्तीच्या घालायच्या. लाकूड, हाड, प्लास्टिक ही सगळी माझी पळापळ होती. मुठीशी तिचा काही संबंध नव्हता.

तुम्ही गेल्यावर पाचव्या दिवशी मी ते पातं घेऊन रशीदभाईंकडं गेलो. म्हटलं, काहीही लावा, प्लास्टिक लावा, पण आज लावा. त्यांनी पातं उलटंपालटं केलं आणि परत माझ्या हातात दिलं.

"नानाला म्हाईत हुतं रं," ते म्हणाले.

"काय?"

"सगळं. तुज्या गावचा एक मानूस त्याच्याकडं दाढीला बसलता. सेंटच्या दुकानाची गोष्ट त्यानंच सांगितली. तू च्या आणाय गेलतास." रशीदभाईंनी चष्मा काढून पुसला. "मी म्हटलं नानाला, कान पिळ की त्याचा. तर म्हनला, न्हाय. शिंग आणायचं म्हंजे घरात बोलाय लागनार, म्हणून टाळतंय पोरगं. बोलंल. मी थांबतो. गळा कुठं पळून जातोय माजा?"

मी तिथंच पायरीवर बसलो. आधी लाज वाटली, मग तुमचा राग आला. अजून आहे. माहीत होतं तर बोलला का नाहीत? एक थोबाडीत द्यायची होती. "दत्ता, लेका, खोटं बोलतोस व्हय?" एवढं म्हटला असता तर मी त्याच दिवशी एसटी धरली असती. कदाचित नसतीही धरली. तुम्हाला माझ्यापेक्षा ते जास्त कळत असणार. पण तुम्ही थांबलात आणि तुमच्याकडं थांबायला वेळच नव्हता, याचं मी काय करू? तुमच्या शहाणपणाचा मला राग येतो, नाना. आणि माझ्यासारख्या खोटारड्याला तुम्ही चार महिने न टोकता सांभाळलंत, रोज तितक्याच प्रेमानं मुठीवरून भांडलात, म्हणून तुमचे पाय धरावेसे वाटतात. दोन्ही एकाच वेळी वाटतं.

त्याच दुपारी मी गावी गेलो. आबा अंगणात दोर वळत बसले होते.

"आबा, चंद्रीचं शिंग पायजे."

"कशाला?"

"मूठ करायची हाय. वस्तऱ्याला."

"कुनाच्या वस्तऱ्याला?"

"माझ्या."

दोर वळायचा थांबला. मी एका दमात सगळं सांगून टाकलं. सेंटचं दुकान नाही, दाढीचं दुकान. सहा वर्षं. तुमचं नाव सांगितलं, तुमचा रिवाज सांगितला, तुमची दाढी मी कशी केली ते सांगितलं. आई दारात येऊन उभी राहिली.

"गावात काय सांगू मी?" आबा म्हणाले.

"हाय त्ये सांगा. तुमचं पोरगं दाढ्या करतंय आणि बरं करतंय."

"तुज्या हातनं माजी दाढी मी जितेपनी करून घेनार न्हाय," आबा ओरडले. दाढी कर, असं मी म्हणालोही नव्हतो. ते त्यांचं त्यांनीच काढलं. "मी मेल्यावर कर काय करायची ती!"

नाना, मी आबांसमोर कधी आवाज चढवला नव्हता. त्या दिवशी चढला. "न्हाय करनार! मेलेल्या मानसाची एक केलीया मी. पुन्हा न्हाय. तुमची करीन तर तुमी बसून बोलत असताना करीन, न्हायतर करनारच न्हाय."

आबा उठून गोठ्यात गेले आणि जेवायलाही आले नाहीत. सकाळी मी निघालो तर दारात पोतं ठेवलेलं. आत दोन्ही शिंगं. मी एकच मागितलं होतं. आई म्हणाली, "एकच नेलंस तर दुसरं बघवायचं न्हाय म्हनले. दोन्ही ने." आबा स्वतः कुठं दिसले नाहीत.

मुठीला तशाही दोन फाका लागतात, पात्याच्या दोन्ही अंगांना एकेक. रशीदभाईंनी एक एका शिंगाची काढली, दुसरी दुसऱ्याची. शिंग उकळून, फळ्यांत दाबून सपाट करायला आणि सुकायला तीन आठवडे गेले. मी रोज जाऊन बघायचो, ते रोज हाकलायचे. मूठ झाली तेव्हा काळीभोर, फक्त एका कडेला पिवळसर रेघ. पातं मिटलं की आत बरोबर मधोमध बसतं, कुठं घासत नाही. ओल्या हातात धरून बघितली. सुटत नाही. भांडण तुम्ही जिंकलात, हे इथं लिहून देतो.

काकूंनी दुकानाची किल्ली माझ्याकडंच ठेवायला सांगितली आहे. मी त्यांना म्हटलं, पाटीवर तुमचं नाव राहील आणि खाली माझं येईल, पूर्ण, आडनावासकट. गावाकडचा माणूस रस्त्यानं जाताना वाचेल तर वाचू दे. पाटी रंगवायला टाकली आहे.

पण वस्तऱ्याची पहिली दाढी अजून झालेली नाही. रशीदभाई म्हणाले, माझी कर. काकू म्हणाल्या, स्वतःची कर, यांचं बोलणं यांच्याबरोबर गेलं. मी दोघांनाही नाही म्हटलं. ज्यानं शिकवलं त्याचा गळा, हा तुमचा रिवाज. तुमचा मला मिळाला नाही, तो माझ्या दोषानं. पण आणखी एका माणसानं मला शिकवलंय. काचेच्या तुकड्यानं शिंग कसं तासायचं आणि तासताना हात कसा हलका ठेवायचा, म्हैस बिथरू नये म्हणून तिच्याशी कसं बोलत राहायचं, हे मी कुणाकडून शिकलो? ते जितेपणी नको म्हणतात. मी जितेपणीच करणार.

म्हणून गेल्या सोमवारी गावी गेलो. अंगणात पाट मांडला, शेजारी साबण, वाटी, वस्तरा. आबा बाहेर आले. हनुवटीवरून हात फिरवत म्हणाले, "कालच केलीया." गावातला न्हावी दर रविवारी येतो, आबांची दाढी कधी चुकत नाही. गाल गुळगुळीत होते. त्यांनी मुठीकडं मात्र बघितलं. हात लावला नाही, पण पिवळ्या रेघेपाशी नजर थांबली. मग बैल सोडून शेताकडं गेले.

आज सोमवार. आज पुन्हा आलो आहे, आणि हे तुम्हाला त्याच अंगणात बसून लिहितो आहे. पाट मांडून झाला. आबा घरात नाहीत. आईला विचारलं तर म्हणाली, "शेतावर हाईत, येतील." मग पाण्याचा तांब्या माझ्याजवळ ठेवला. गरम होता. मी मागितला नव्हता.

"काल न्हावी आलता," ती म्हणाली. "हाका मारून गेला. ह्ये उठलं न्हाईत."

"का?"

"म्या बी इचारलं. म्हनले, ऱ्हाऊ दे. वाढू दे जरा."

मी गोठ्याच्या खुंटीला पट्टा अडकवला आहे, नाना. आता कागद बाजूला ठेवतो आणि आबा येईपर्यंत वस्तरा ओढत राहतो.